पप्पांची गाडी बंद होती ते दिवस

८ फेब्रुवारी १९९६, गुरुवार

पांढरे बूट आज पुन्हा आला. नाव सांगत नाही, म्हणून मी त्याला बुटांवरून ओळखते. उमेळ्याच्या मातीत ते एवढे पांढरे कसे राहतात, कळत नाही. ओट्यावर बसला. आईने पाणी दिलं, ते प्याला नाही.

"काका, टेन्शन नका घेऊ. शेटना फक्त भेटायचंय. वालीवला ऑफिस आहे, लादीच्या कारखान्यामागे, हिरवं गेट. रविवारी या. चाय पियो, बात करो, घर जाओ. गाडी पाठवतो ना मी."

पप्पा म्हणाले, "माझी गाडी आहे."

"ती?" त्याने अंगणाकडे बघितलं. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर पप्पांना विचारलं, जायलाच हवं का. "दुसऱ्याच्या गाडीत बसून बोलायला गेलो तर अर्धं बोलणं आधीच त्यांचं. आपल्या गाडीने जायचं, तोंडावर नाही म्हणायचं, आपल्या गाडीने परत यायचं." आणि मी काही बोलायच्या आत, "तू यात पडू नको, बाय."

हिरवं गेट मला माहीत आहे. कंपनीत जाताना रोज त्याच्यावरून रिक्षा जाते. आत एक कुत्रा बांधलेला असतो, तो भुंकत नाही.

९ फेब्रु., शुक्र

तीन बाजूंना शेटच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांना रस्ता हवा आहे आणि तो आमच्या वाडीतूनच जाऊ शकतो. मोगऱ्याचे वाफे, केळी, विहीर. नकाशा माझ्यासमोर असता तर मीही तिथूनच काढला असता. एवढं सरळ आहे ते.

सालूमास्तर आठवतात सारखे. आमच्या शेजारची वाडी त्यांची. नाताळच्या आधी असंच चहाला बोलावून नेलं त्यांना, शेटच्या जीपमधून. दुसऱ्या दिवशी परत आले तर उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणाले, मोटारसायकलवरून पडलो. मास्तरांना मोटारसायकल चालवता येत नाही. मी भेटायला गेले तेव्हा डाव्या अंगठ्याला निळी शाई होती, साबणाने न गेलेली. ज्या माणसाने अख्ख्या उमेळ्याला अक्षर वळवायला शिकवलं, त्याचा अंगठा.

आता ते बोळिंजला मुलीकडे असतात. त्यांच्या वाडीत चौथा मजला चढतोय.

पप्पांना चौकीचं सुचवलं. "काय सांगू तिथे? चहाला बोलावलं म्हणून तक्रार?"

रविवार परवा.

१० फेब्रु., शनि

केलं.

कंपनीत माझ्या टेबलावरून दिवसभर गाड्यांचे कंडेन्सर तपासून जातात. बोटाएवढे पत्र्याचे डबे, एक वायर. आतून शॉर्ट असलेल्यावर मी लाल टिकली लावते आणि ड्रममध्ये टाकते. आज ड्रममधला एक परत उचलला. टिकली थिनरने पुसली. पुसल्यावर तो नवाकोरा दिसतो. हेच हवं होतं.

पप्पांच्या गाडीची नुसती वायर सोडून ठेवली असती तर कुणालाही दिसली असती. शॉर्ट कंडेन्सर दिसत नाही. तो जागेवर असला की पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली उघडमीट करणारी दोन टोकं, उघडले काय, मिटले काय, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला पत्ता लागत नाही. ठिणगी नाही म्हणजे नाही. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, इंजिन फिरतं, पण पेटत नाही.

दुपारी हाफ डे संपवून आले. पप्पा वाडीत पाणी सोडायला गेले होते, आई मासे साफ करत होती. एक स्क्रू, एक वायर. चांगला काढला, खराब लावला. चांगला रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत. ही वहीही पिशवीतच असते, घरात ठेवत नाही.

काम करताना हात स्थिर होता. बॉनेट लावल्यावर हात दोनदा साबणाने धुतले.

११ फेब्रु., रवि

पप्पांनी पांढरा शर्ट घातला. इस्त्रीचा. देवळातून आल्यावर चहाही न पिता गाडीत बसले.

सेल्फ मारला. पुन्हा मारला. गाडी काळी, सदुसष्ट सालची. उमेळ्याच्या निम्म्या नवऱ्या हिच्यातूनच देवळात गेल्या आहेत. लग्नाच्या दिवशी कधी दगा दिला नाही, हे पप्पा प्रत्येक लग्नात सांगतात. आज नुसतीच घुरघुरत राहिली. मिस्साची प्रार्थना संपवून परतणारी माणसं रस्त्यात थांबून बघत होती.

पप्पा मला म्हणाले, "बघ गं जरा." मी बॉनेट उघडलं, बघितल्यासारखं केलं. "करंट येत नाही, पप्पा. बावतीस अंकलना बोलवावं लागेल."

वाण्याकडे जाऊन त्यांनी फोन केला. गाडी बंद पडली, दुरुस्त झाली की येतो. तिकडून काय उत्तर आलं ते सांगितलं नाही. शर्ट काढून खुंटीला लावला.

आई आत तांदूळ निवडायला बसली. कालच निवडलेले तांदूळ होते.

आजचा दिवस: पास. उद्याचं माहीत नाही.

१२ फेब्रु., सोम

बावतीस अंकल सकाळी आले. पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, स्टेशनजवळ गॅरेज. बॉनेटवर थाप मारली. "काय आंतोन, म्हातारीला या वर्षी साडी घेतली नाय? रुसली बघ." मग माझ्याकडे: "आनि घरात इंजिनेर बाय असताना मला बोलावता, म्हंजे माझी इज्जतच वाढली."

प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, पप्पांनी सेल्फ मारला. "करंट नाय." कॉइलची मधली वायर धरली. तीही कोरडी. टेस्ट लॅम्प लावला. कॉइलच्या एका बाजूला पेटतो, दुसऱ्या बाजूला पॉइंट उघडे असतानाही पेटत नाही. त्यांनी लॅम्प खाली ठेवला. पुढचं वाक्य मला माहीत होतं.

"कंडेन्सर बसला."

"मी बघते," म्हटलं. काढला. मीटर आणायला घरात गेले आणि बाहेर आले तेव्हा मुठीत चांगला होता. त्यांच्यासमोर मीटरला लावला. सुई उडाली आणि सावकाश परत आली. चांगल्या कंडेन्सरची ही खूण त्यांनाही माझ्याइतकीच कळते.

"तुझ्या खात्यातली वस्तू. तू पास म्हनतेस तर पास."

त्यांच्याकडे पाठ करून, खराब होता तोच परत लावला.

कॉइलला हात लावून म्हणाले, "तापते लेकाची. उद्या दुसरी कॉइल बघू." तापणारच. सारखा प्रवाह वाहतोय तिच्यातून. पप्पांना सांगितलं की चावी उगाच चालू ठेवू नका, कॉइल जळेल. हे मात्र खरं होतं.

मी पास केलेला माल आजवर कधी परत आलेला नाही.

१३ फेब्रु., मंगळ

सकाळी वाडीतून पप्पांची हाक आली, नेहमीची नव्हे. आई आणि मी धावलो.

वाडीतून फक्कीची पांढरी रेघ मारलेली. दोन रेघा, समांतर, मध्ये जीप जाईल एवढं अंतर. कुंपणापासून निघून मोगऱ्याच्या वाफ्यांवरून सरळ विहिरीपर्यंत, आणि विहिरीच्या कठड्यावर फुली. रेघ कुठेही वाकडी नाही. दोरी लावून मारली आहे. म्हणजे कुणीतरी घाई न करता, आमच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर, दोरी ताणून उभं होतं.

पप्पांनी पंप चालू केला आणि पाइपने सगळं धुतलं. मोगऱ्याच्या पानांवरची फक्की गेली नाही.

आई म्हणाली, "कोन आलं होतं?" आम्हा तिघांनाही माहीत होतं, तरी विचारलं. पप्पा पाइप गुंडाळत राहिले.

कंपनीत जाताना हिरव्या गेटावरून रिक्षा गेली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. मग वाटलं, बघायला हवं होतं. मग वाटलं, त्यांनी मला बघितलं असेल तर.

१५ फेब्रु., गुरु

नवी कॉइल घातली. करंट नाही. अंकलनी पॉइंट बदलले. नाही.

संध्याकाळी पांढरे बूट मोटारसायकलवर, मागे आणखी एक. उतरले नाहीत. "काका, गाडी झाली का? की आम्ही येऊ घ्यायला?"

"होईल. माझी मी येईन."

"शेट विचारत होते. म्हणाले, एवढे दिवस गाडी बंद असते का कुणाची." मागच्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही वालीवला जाता ना, मॅडम? रोज दिसता."

मी मान हलवली नाही. ना होकाराला, ना नकाराला. ते गेल्यावर लक्षात आलं की हातातला स्पॅनर मी इतका आवळून धरला होता की तळव्यावर त्याच्यावरची अक्षरं उमटली होती.

रात्री आईने पुढच्या दाराची खिट्टी लावली आणि त्यावर पाटा टेकवून ठेवला. पप्पा म्हणाले, "हे काय?" आई म्हणाली, "वाटन झालं, पाटा वाळायला ठेवलाय."

१६ फेब्रु., शुक्र

अंकल दुपारी माझ्या शेजारी उकिडवे बसले. "बाय, तुझा मीटर खोटं बोलत नाय. पन माझं मन ऐकत नाय. कंपनीतून एक नवा कंडेन्सर आन, मी माझ्या हाताने बसवतो."

नाही कसं म्हणू. ड्रममधून दुसरा उचलला. टिकली पुसली, कंपनीच्या कागदी पुडीत घातला. पुडी नवी, आतला माल मेलेला.

त्यांनी स्वतः बसवला. पप्पांनी सेल्फ मारला. काही नाही.

अंकल मातीतच बसून राहिले. "एवढी वर्षं हात काळे केले, आनि एक कंडेन्सर ओळखायला चुकलो. म्हातारा झालो, आंतोन." पप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेले.

ते चुकले नव्हते. पहिल्याच दिवशी अचूक सांगितलं होतं. हे वाक्य मी फक्त इथेच लिहू शकते.

१८ फेब्रु., रवि

राखेचा बुधवार तीन दिवसांवर आला. देवळाच्या दाराशी मोठी टोपली ठेवली होती, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या, आता सुकलेल्या झावळ्या गोळा करायला. त्याच जाळून बुधवारी कपाळाला लावायची राख करतात. आईने घरातल्या सगळ्या आणल्या होत्या, क्रुसामागची, कपाटावरची, गाडीच्या आरशामागची. टोपलीत टाकताना एक हातात राहिली. ती तिने पदराखाली नेली. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे एक घरात."

मिस्सानंतर आवारात पप्पांभोवती चार-पाच जण. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "काय आंतोन, बंद नक्की काय आहे? गाडी, का मालक?" सगळे हसले. दुसरा: "वालीवला जायचं म्हटलं की गाडीलापण धाप लागते." पुन्हा हसले. चेष्टाच होती. हीच माणसं गरज पडली तर धावूनही येतील. पण पप्पांचे कान लाल झाले. मी त्यांच्या मागे उभी होते, मला दिसले.

हा हिशोब मी केलाच नव्हता. गाडी बंद राहिली तर पप्पा घरी राहतील, एवढंच गणित मांडलं. बंद गाडी म्हणजे गावाच्या नजरेत काय, ते धरलंच नाही.

१९ फेब्रु., सोम

अंकल आज वेगळ्याच जोरात. "बुधवारी मिस्सा झाला की भाच्याची असलीच, पन चालती गाडी घेऊन येतो. तिच्यातला एकेक पार्ट काढायचा, हिच्यात घालायचा. कुठेतरी पेटेलच. बुधवारी दुपारी आंतोन गाडी चालवतोय, लिहून घे."

आई चहा देत होती. तिने विचारलं, "बुधवारी नक्की?"

"नक्की, वहिनी."

आई गाडीबद्दल कधी विचारत नाही.

चालत्या गाडीतला कंडेन्सर. तो मी कसा पुसणार, कसा बदलणार. आणखी एखादा दोष घालता येईल, चार-पाच प्रकार येतात मला. पण मग अंकल गाडी गॅरेजात ओढून नेतील. आणि कान पुन्हा लाल होतील. आणि…

झोप नाही. कुणी कुंपणाजवळून गेलं तरी ऐकू येतं. कुणी गेलं नाही तरी.

२० फेब्रु., मंगळ

पप्पा संध्याकाळी बंद गाडी पुसत होते. लग्न असलं की पुसतात तशी, आधी काचा, मग कड्या. मी फडकं घेऊन दुसऱ्या बाजूला लागले. सांगून टाकावं असं ठरवून गेले होते.

त्यांनीच आधी सांगितलं. माझ्याकडे न बघता. "खरं सांगू, बाय? त्या रविवारी ही चालू झाली नाही ना, तेव्हा मला बरं वाटलं."

मी काच पुसत राहिले.

"आतून. मोठा श्वास सुटला. आणि मग दिवसभर त्या श्वासाची लाज वाटली. बापाने मोगरा लावला, मी सांभाळला, आणि गाडी बंद पडली म्हणून मला बरं वाटतं. सालू भ्याला नव्हता, तरी त्याचा हात तसा केला. मी तर भ्यालोय. म्हणूनच जायला पाहिजे."

"मी येते बरोबर."

"नाही."

"गाडी वाटेत बंद पडली तर?"

यावर ते थोडं हसले. होय म्हणाले नाहीत, नाही असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

सांगितलं नाही मी. पण ठरवलं. उद्या सगळे सकाळी देवळात गेले की चांगला कंडेन्सर बसवणार. राख मी संध्याकाळी घेईन. अंकल येण्याआधी गाडी चालू करून अंगणात उभी ठेवणार, आणि पप्पा बसले की शेजारच्या सीटवर बसणार. उतरवून दाखवा म्हणावं. मला गाडी येते, कळंबच्या वाळूत त्यांनीच शिकवली. दोघं जाऊ, दोघं परत येऊ.

भीती कमी झालेली नाही. फक्त आता तिला कुठे बसायचं ते ठरलं आहे.

२१ फेब्रु., बुध. गाडीत, वालीव

हातांना काम हवं म्हणून लिहिते आहे. क्रमाने.

सकाळी आई आणि पप्पा देवळात गेले. बॉनेट उघडलं, खराब काढला, रुमालातला चांगला बसवला. चावी फिरवली, सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

पुन्हा. नाही.

पहिल्यांदा वाटलं, कॉइल जळली. माझ्यामुळे जळली. मग आठवलं, कॉइल नवी आहे. वायर बघितल्या, सगळ्या जागेवर. स्वतःलाच म्हटलं, पहिल्यापासून तपास, घाई करू नको. लॅम्प काढायला गेले आणि फाटकातून आई आली. एकटी. कपाळावर राख, एक चप्पल तुटलेली हातात.

"घेऊन गेले."

देवळाच्या आवारातच जीप उभी होती. पांढरे बूट सगळ्यांसमोर पप्पांच्या पाया पडला. म्हणाला, काका, तुमची गाडी बंद ना, चला, आम्ही नेतो, आम्हीच आणून सोडतो. आणि दार उघडून धरलं. भोवती सगळं गाव. रविवारी हसले तेही. पप्पांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बसले. आई म्हणाली, "बसताना कपाळाची राख पुसली नाय त्याने. तशीच घेऊन गेला."

त्यांच्या गाडीत बसून. जे त्यांना करायचं नव्हतं नेमकं तेच. आणि ते मी करायला लावलं.

हे मी आईला सांगितलं. तिथेच, बॉनेटपाशी उभ्या उभ्या. कंडेन्सर, ड्रम, बावतीस अंकल, सगळं. दोनतीन वाक्यांत संपलं. ती फक्त म्हणाली, "मग आता चालू कर."

"होत नाही. माझा दोष मी काढला. तरी करंट नाही."

लॅम्प लावला. आईला सेल्फ मारायला बसवलं. इतके दिवस हा दिवा इथे कधी पेटतच नव्हता. आज पेटला आणि इंजिन फिरत असताना विझेचना. उलटं लक्षण. कंडेन्सर शॉर्ट नाही, कॉइल ठीक, वायर ठीक. पॉइंट मिटत नाहीत. दोन क्लिपा काढून डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं.

पॉइंटच्या फटीत एक बारीक पट्टी. कागद नव्हे. पिवळी, सुकलेली, उभ्या रेषांची. झावळी.

मी आईकडे बघितलं. ती स्टिअरिंगमागून उतरली होती.

"काढ. मीच घातली. परवा रातचं, बावतीस बुधवारी चालू करतो बोलला म्हनून."

पप्पा वर्षातून एकदा त्या फटीतून पोस्टकार्डाची पट्टी ओढून पॉइंट साफ करतात. टॉर्च धरायला आई असते. एकदा तिला म्हणाले होते म्हणे, ही फट मिटली नाही तर गाडी मेली. तेवढं एक वाक्य तिने जपून ठेवलं होतं. पोस्टकार्ड घालायचं नव्हतं तिला. आशीर्वादाचं काही असावं, म्हणजे गाडी थांबेल आणि माणूस राहील.

 ती म्हणाली, "भ्यायला काय तुला एकटीलाच येतं?"

पट्टी काढली. पॉइंट पुसले. झाकण, क्लिपा. पहिल्या सेल्फला पेटली. तो आवाज ऐकून आईने डोळे मिटले, आणि मग माझ्या शेजारी पुढे बसली. लग्नात पाचूबंदरहून उमेळ्याला ती याच गाडीतून आली होती, तेव्हा मागे बसली होती. तिला पुढे बसलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं.

वाटेत बावतीस अंकल भेटले, भाच्याची गाडी घेऊन आमच्याकडेच यायला निघालेले. आमची गाडी चालती बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी काच खाली करून म्हटलं, "कंडेन्सरच होता, अंकल. तुम्ही बरोबर होता. मी खोटं बोलले." आईने पप्पांचं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे गाडी वळवायला घेतली. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. देवळातली मानसं घेऊन आलोच."

अजून आलेले नाहीत.

हिरव्या गेटासमोर रस्त्यापलीकडे उभी आहे. जीप आत दिसते. कुत्रा आज भुंकतोय. पांढरे बूट गेटाशी आला, गाडी बघून थबकला. "ही चालू झाली?" मग आईला, "काकी, तुम्ही कशाला त्रास घेतला? काका चाय पितायत."

आई म्हणाली, "मग मलाबी दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि बाजूला झाला. ती आत गेली. एका पायात चप्पल नाही. ती झावळीची पट्टी तिने मुठीत ठेवली आहे, मला टाकू दिली नाही.

तिला जाऊन किती वेळ झाला ते बघायचं नाही असं ठरवलं आहे. तापमानाचा काटा वर चाललाय, उभ्या गाडीत असंच होतं. पेट्रोल पाव टाकी. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे, कुठेही अडखळत नाही. मी रस्त्याकडे बघते, मग गेटाकडे, मग इथे. आतल्या ऑफिसचं दार एकदा उघडलं आणि पुन्हा लागलं. कोण होतं ते दिसलं नाही.

उतरताना आई खिडकीतून वाकून म्हणाली होती, "काय झालं तरी गाडी बंद करू नको."

चालू आहे. पाय ॲक्सिलरेटरवर आहे.